पाऊस देतो, पण कुठला?

ऑफिसात नवीन आलेल्या पोराला आपण काय सांगतो? ‘ती एक्सेल बघ, त्यात सगळं आहे.’ पोरगं हुशार असेल तर दहा मिनिटांत परत येऊन विचारतं, ‘यातला कुठला कॉलम?’ एआय एजंटचा लोचा नेमका इथे आहे. तो परत येऊन विचारेलच असं नाही. जे समजलं ते धरून सुसाट सुटतो आणि चुकीचं उत्तर इतक्या टापटीप तक्त्यात मांडतो की बॉस खूश!

डेटा नोटबुक रोज वापरणाऱ्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल. ज्युपिटरसारख्या नोटबुकमध्ये एकाखाली एक कप्पे असतात, त्यांना सेल म्हणतात. सेलमध्ये थोडा कोड आणि लगेच खाली त्याचं उत्तर. हल्ली हे सेल एजंटही चालवतो. त्यासाठी त्याच्या हाती टूल्स दिलेली असतात : सेल वाच, सेल चालव, डेटा आण. पण टूलच्या पोटातला कोड त्याला सहसा दिसत नाही. दिसतं ते टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि काय-काय भरायचं त्याचा साचा. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही मामला हाच. म्हणजे त्या चार ओळी हेच एजंटचं सगळं जग.

माझं आजोळ डोळखांबचं. लोकलने आसनगाव, मग शहापूर, तिथून पुढे सह्याद्रीच्या दिशेने. आजापर्वताला जाणाऱ्या ट्रेकर मंडळींना हा रस्ता पाठ असेल. वीकेंडला हौस म्हणून मी शहापूर तालुक्याच्या पावसाचं एक नोटबुक चालवते. त्यातलं डेटा आणणारं टूल ग्रुपमधल्या एका मित्राने लिहिलं होतं. वर्णन होतं, ‘शहापूरचा पाऊस देतो.’ बस्स.

कुठलं शहापूर? कर्नाटकात यादगीर जिल्ह्यातही एक शहापूर आहे. पण खरी गोम पुढे आहे. महाराष्ट्रात पाऊस महसूल मंडळानुसार मोजला जातो आणि मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली की ती अतिवृष्टी. पिकांच्या नुकसानीच्या मदतीचं गाडं पुढे याच आकड्यावरून हलतं. आता समजा, डोळखांबकडे ९० मिलिमीटर कोसळला आणि तालुक्यातल्या दुसऱ्या चार ठिकाणी प्रत्येकी ४०. सरासरी येते ५०. टूल गुपचूप सरासरी देत असेल, तर एजंट लिहून मोकळा : अतिवृष्टी नाही. गणित शंभर टक्के बरोबर, आणि भाताचं खाचर पाण्याखाली.

मामाला हे सांगितलं तर तो हसला. ‘अगं, शहापूरला ऊन असतं तेव्हा आमच्याकडं धो-धो चालू असतो. एवढं तुझ्या त्या यंत्राला कळत नाही?’ नाही कळत, मामा. कुणीतरी लिहायला हवं.

तारखेचीही गंमत आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. सोमवारी रात्री झोडपलेला पाऊस मंगळवारच्या तारखेवर लागतो. म्हणून आता वर्णन असं आहे : ‘दिलेल्या महसूल मंडळाचा २४ तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये देतो. तालुक्याची सरासरी देत नाही. त्यासाठी वेगळं टूल आहे. जिल्हा, तालुका, मंडळ ही तिन्ही नावं लागतात. तारीख म्हणजे त्या दिवशी सकाळी साडेआठला संपलेले २४ तास. नोंद नसेल तर रिकामं येतं; रिकामं म्हणजे शून्य नव्हे.’ शेवटचं वाक्य माझं लाडकं. बंद पडलेलं पर्जन्यमापक आणि कोरडा दिवस यात फरक आहे, बॉस.

युनिटचा घोळ तर विचारू नका. भातसा धरण याच तालुक्यात. मुंबई महापालिकेच्या रोजच्या तक्त्यात त्याची पूर्ण क्षमता ७,१७,०३७ दशलक्ष लिटर असते, जलसंपदा खातं मात्र दशलक्ष घनमीटरमध्ये बोलतं. दोन्हींत हजारपटीचा फरक. युनिट लिहिलं नाही तर एजंट दोन्ही आकडे एकाच कॉलममध्ये सुखाने नांदवेल. (उशाला धरण असून या तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, ते कुठल्याच कॉलममध्ये येत नाही.)

नोटबुकची स्वतःची टूल्स जास्त डेंजर. ‘सेल चालवतो’ एवढं वर्णन पुरत नाही, कारण नोटबुकला स्मरणशक्ती असते. वरचा सेल बदलला पण पुन्हा चालवलाच नाही, तर खालचे सेल जुन्याच आकड्यांवर इमानेइतबारे राबत राहतात. डिलीट केलेल्या सेलमधली व्हॅल्यूसुद्धा मेमरीत जिवंत असू शकते. तेव्हा स्पष्ट लिहा : फक्त हाच सेल चालतो, वरचे आपोआप चालत नाहीत, आउटपुट लांब असेल तर मध्येच कापलं जातं. ‘रिस्टार्ट’च्या पुढे लिहा की मेमरी साफ होते. आणि ‘डिलीट’पुढे ‘आधी माणसाला विचार’ लिहून निर्धास्त झोपू नका. वर्णन म्हणजे विनंती, कुलूप नव्हे. परवानगीचं कुलूप वेगळं लावावं लागतं.

म्हणून निबंध लिहायचा का? मुळीच नाही. सारख्याच कामाची सहा टूल्स आणि प्रत्येकाला पानभर वर्णन, यानेही एजंट गांगरतो. मी वर्णन शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीला दाखवते, कोड न दाखवता, आणि विचारते, यातून काय मिळेल? ती अडखळली की तेवढीच ओळ सुधारते. मग उत्तर आधीच माहीत असलेले दोन-तीन प्रश्न एजंटला घालते.

सध्या नुकसानीच्या अर्जांचं टूल अर्धवट पडलंय. वर्णनाच्या पहिल्याच शब्दाशी गाडी अडली आहे. ‘शेतकरी’ म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला, की चिखलात उभा राहून लावणी करणारा? मामाला फोन लावलाय. तो म्हणाला, ‘आधी लावणी उरकू दे, मग सांगतो.’