अंबाडी, राळ आणि ओल

मोडनिंबच्या बाजूला ज्यांनी मातीचे धाब्याचे घर पाहिले असेल, त्यांना आमच्या विषयाची निम्मी ओळख आधीच झालेली आहे. भिंतीची माती भिजवावी, तीत भुसकट टाकावे आणि पायांनी तुडवावे, हे कोणा इंजिनिअरने शिकविले नव्हते. नुसती माती वाळताना आकसते व तडकते. भुसकटाच्या काड्या त्या भेगेवर आडव्या पडून दोन्ही काठ धरून ठेवतात. माती दाब सोसते, काडी ताण सोसते. दोन दुबळ्यांचा हा संसार म्हणजेच संमिश्र पदार्थ.

मातीच्या जागी कृत्रिम राळ आणि काडीच्या जागी अंबाडीचा किंवा घायपाताचा वाख घेतला, की आजच्या प्रयोगशाळेतील पदार्थ तयार होतो. वाख बळकट किती, असे कोणी विचारील. काचेचा तंतू त्याच्या कित्येक पट ताण सोसतो, हे आम्ही आधीच कबूल करतो. पण काचेची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम, तर घायपाताची १.५ च्या आसपास. वस्तू हलकी होते. शिवाय धागा शेताच्या बांधावर उगवतो, भट्टीत वितळवावा लागत नाही.

खरी मेख आहे ती सांध्यात. राळेवर आलेला ताण तिने धाग्याच्या हवाली करायचा असतो. पकड कच्ची असली, तर धागा तुटण्याऐवजी म्यानातून तलवार निघावी तसा निसटतो. (थोडे निसटणे उपकारकच; त्या घर्षणात आघाताची शक्ती जिरते.) म्हणून वाख कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात बुडवितात. मेणकट थर जातो, अंग खरखरीत होते व राळ त्याला धरते. सोडा जास्त झाला, तर धागाच खंगतो. आणि एवढे करूनही हे बळ धाग्याच्या दिशेनेच मिळते. आडवे ओढले, तर भार एकट्या राळेवर येतो.

पावसात भिजलेल्या कासऱ्याची गाठ सुटता सुटत नाही, हा अनुभव शेतकऱ्यांना आहे. धागा पाणी पिऊन फुगतो. राळेच्या पोटातही तो तसाच फुगतो, वाळला की आकसतो आणि या ओढाताणीत तो मेहनतीने जुळविलेला सांधा सुटू लागतो. आमच्या मते या पदार्थाची खरी परीक्षा ताणयंत्रावर नाही, पाण्याच्या बादलीत आहे. उष्णतेचीही मर्यादा आहे: सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे वनस्पतीचा धागा करपू लागतो.

तरी हे खेळणे नव्हे. पूर्व जर्मनीत १९५७ पासून १९९१ पर्यंत निघालेल्या ट्राबांट मोटारीचे बाह्यांग कापसाचे तंतू आणि फेनॉलची राळ यांचे होते. आज मोटारींच्या दारांच्या आतील फळ्यांत ताग, अंबाडी वापरतात. तेथे भार बेताचा आणि पाऊस लागत नाही. छपराच्या पत्र्यासाठी वापरायचे, तर मात्र कापलेल्या कडा आधी राळेने बंद कराव्यात. ओल शिरते ती तेथूनच.