डब्यातला टोमॅटो, ताटातले आरोग्य

पालेभाजी, बाजरी, डाळ यांत लोह असते. पण ते अंगी लागायला सोबत 'क' जीवनसत्त्व लागते. म्हणून रक्त कमी असलेल्या आपल्या माता-भगिनींच्या ताटात लिंबू किंवा कच्चा टोमॅटो रोज हवा. महागाईत आपण नेमका तोच कमी करतो. तर मग पत्र्यावर, गॅलरीत किंवा विहाराच्या गच्चीवर आपणच तो पिकवू या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास रोप लावले, तर वर्षअखेरीस फळ हाती येते.

डबा : 15 लिटरची जुनी बादली किंवा तेलाचा डबा घ्यावा, बुडाला भोके पाडावीत. रंगाचा, औषधफवारणीचा डबा नको. पत्रा तापतो, म्हणून डब्याखाली विटा ठेवाव्यात.

फूल गळणे : बांबूवर प्लास्टिक टाकून आडोसा केला की आत वारा लागत नाही, पराग झडत नाहीत. सकाळी फुलांचे देठ बोटाने हलकेच हलवावेत. दुपारी आत उष्मा कोंडला तरी फुले गळतात; बाजू उघड्या ठेवाव्यात.

फळाचे बूड काळे पडणे : ही कीड नव्हे. एक दिवस कोरडे, एक दिवस चिखल असे पाणी दिल्याने फळाला कॅल्शियम पोचत नाही. रोज ठरल्या वेळी, बेताने पाणी द्यावे. मातीवर पालापाचोळा पसरावा.

करपा : खालच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसताच ती पाने काढावीत. पाणी बुंध्याशी घालावे, पानांवर नको.

पाने मुरडणे : पांढरी माशी हा रोग पसरवते. 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल व थोडा साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारावे. पाने मुरडून झाड खुजे झाले, तर ते बरे होत नाही, उपटून टाकावे.

डब्याखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. गटाराचे पाणी झाडाला घालू नका. टोमॅटो धुऊन, जेवतानाच चिरावा. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या मात्र थांबवू नका.

एका घरी दोन डबे, विहाराच्या गच्चीवर दहा : इतक्यानेही सुरुवात होते. रोपे वाढली की शेजारच्या घरी द्या.

जय भीम!