मस्टँगचा खरा शत्रू : गंज

'मसल कार' म्हटलं की आपल्याला आठवतं ते व्ही-८ इंजिन. पण अमेरिकेत कोणी १९६५ ते ६८ ची जुनी फोर्ड मस्टँग घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा उभी करायला निघाला, तर मी त्याला सांगेन, बाबा रे, इंजिन राहू दे, आधी बादलीभर पाणी आण! (मस्टँग ही खरं तर 'पोनी कार'; मोठं इंजिन असलेली तेवढीच मसल. हा वाद कॅन्टीनमध्ये घालू.)

पुढच्या काचेखाली हवा आत घेणाऱ्या जाळ्या असतात. त्यांच्याखाली दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडून केलेली पोकळी म्हणजे काउल. पावसाचं पाणी तिच्यातून दोन्ही बाजूंनी बाहेर पडायला हवं. पण आत पालापाचोळा साचतो, ओल राहते आणि पत्रा आतून सडतो. वरून रंग मात्र चकाचक! म्हणून पैसे मोजण्याआधी जाळीत पाणी ओतायचं. डॅशबोर्डखाली ठिबकलं, तर फ्लोअरही गेला असण्याची शक्यता दाट.

नवे पत्रे तयार मिळतात, ती अडचण नाही. अडचण अशी की ही गाडी युनिबॉडी, वेगळी फ्रेमच नाही. फ्लोअर आणि दारांखालचे रॉकर पॅनेल हेच तिचे बीम. सरळ ग्राइंडर चालवला तर बॉडी मध्ये बसते, मग दारं लागत नाहीत. त्यामुळे कापण्याआधी दारांच्या चौकटीत चौकोनी पाइप टॅक करायचे, कर्णाची मापं लिहून ठेवायची आणि एका वेळी एकच बाजू कापायची. कन्व्हर्टिबलला तर छपराचाही आधार नाही. तिथे फोर्डनेच खालून जादा पत्रे लावले होते.