हिवाळ्यांतलें पिवळें हेलेबोर



पिवळें फूल म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें शेवंती आणि झेंडू उभे राहतात. आपल्याकडे थंडीचे दिवस म्हणजे फुलझाडांच्या ऐन बहराचा काळ. त्यामुळें हिवाळ्यांत बाग उजाड होते, ही कल्पनाच आपल्याला नीटशी करतां येत नाहीं. इंग्लंडांत मात्र डिसेंबरच्या अखेरीस लंडनचा दिवस जेमतेम ८ तासांचा असतो, आणि भर माध्यान्हीं सूर्य क्षितिजाच्या अवघा १५ अंश वर चढतो. त्याच सुमारास मुंबईचा दिवस ११ तासांचा भरतो आणि माध्यान्हीचा सूर्य ४७ अंशांवर असतो. हा केवळ आंकड्यांतला फरक नव्हे. उन्हांत वाढलेल्या माणसाच्या मनावर तो मळभ आणतो.

लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ सालची. आज त्या देशांत अनेक मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत, आणि पुष्कळांच्या घरामागें, वीतभर कां होईना, बाग असते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत खिडकींतून पाहावें तों ओली माती आणि निष्पर्ण फांद्या. अशा बागेंत उजेड आणणारें एक झुडुप म्हणजे हेलेबोर, आणि त्यांतही पिवळ्या फुलांचें हेलेबोर. तें कसें पारखावें आणि कसें सांभाळावें, हा आजच्या भाषणाचा विषय.

प्रथम त्याची ओळख करून घेऊं. आपला बचनाग आणि सह्याद्रींतील मोरवेल ज्या कुळांतली, त्याच कुळांतलें हें झाड. त्याच्या सुमारें वीस जाती आहेत. बहुतेक जाती युरोपांत आणि पश्चिम आशियांत वाढतात, आणि त्यांचें मुख्य माहेर म्हणजे बाल्कन प्रदेश. एक जात तेवढी दूर चीनमध्यें सांपडते. झाड फार तर हात-दीड हात उंच होतें. पानें जाड, चामड्यासारखीं, आणि पंजासारखीं फांकलेलीं. नाताळच्या सुमारास फुलणारी पांढरी जात ‘ख्रिसमस रोझ’ या नांवानें प्रसिद्ध आहे. परंतु गुलाबाशीं तिचें कांहींएक नातें नाहीं.

या फुलाची रचना मोठी चमत्कारिक आहे. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतों, त्या खऱ्या पाकळ्या नव्हेतच. तीं पुष्पकोशाचीं दलें होत. खऱ्या पाकळ्यांच्या लहान नळीसारख्या कुप्या झालेल्या असतात आणि त्यांत मध सांठतो. पाकळ्या लवकर गळतात. पुष्पकोशाचीं दलें मात्र टिकतात. म्हणूनच हें फूल चार-सहा आठवडे, कधीं त्याहूनही अधिक काळ झाडावर दिसतें. बीजधारणा झाल्यावर तीं दलें हिरवीं होतात आणि पानांप्रमाणें अन्न तयार करून बियांना पोसतात. याच्या एका रानटी जातीवर स्पेनमध्यें झालेल्या संशोधनांत, २०१० सालीं, आणखी एक गोष्ट दिसून आली: मधांत वाढणारे किण्वजंतु शर्करा आंबवितांना ऊब निर्माण करतात आणि त्यामुळें कुपींतला मध बाहेरच्या हवेपेक्षां उबदार राहतो.

आतां पिवळ्या रंगाकडे वळूं. निसर्गांत स्वच्छ पिवळें हेलेबोर जवळजवळ नाहींच. बाल्कनमधील सुवासिक ‘ओडोरस’ आणि ग्रीसमधील ‘सायक्लोफायलस’ या जातींचीं फुलें पिवळसर खरीं, पण त्यांवर हिरवी झांक असते. अशा जातींचा पूर्वेकडील ‘ओरिएंटॅलिस’शीं संकर करून, प्रत्येक पिढींतून अधिक पिवळें रोप निवडीत निवडीत, माळ्यांनीं हा रंग हळूहळू घडविला. इंग्लंडांत हेलन बॅलर्ड या बाईंनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या कामीं मोठें नांव मिळविलें. पुढें अमेरिकेंतील ओरेगन संस्थानांत ‘गोल्डन लोटस’ हा दुहेरी पिवळ्या फुलांचा वाण निघाला. म्हणजे आज बाजारांत दिसणारें पिवळें हेलेबोर हें अनेक वर्षांच्या धीराचें फळ आहे.

या इतिहासांतूनच खरेदीचा पहिला नियम निघतो. संकरित झाडाचें बीं आईसारखें निपजेलच असें नाहीं. ‘यलो लेडी’सारख्या बियांपासून वाढविलेल्या वाणांत बहुतेक रोपें पिवळीं निघतात, परंतु सगळीं नव्हेत. ताजें बीं उन्हाळ्यांत पेरावें, तें थंडी लागल्यावर उगवावें, आणि फूल दिसायला बहुधा तिसरें वर्ष उजाडावें. एवढी वाट पाहून पदरीं मळकट हिरवें फूल आलें, तर मन खट्टू होणारच. म्हणून चिठ्ठीवरील चित्रावर विसंबूं नये. जानेवारी-फेब्रुवारींत स्वतः रोपवाटिकेंत जावें आणि फुललेलें रोप डोळ्यांनीं पाहून घ्यावें. त्याहून उशीर करूं नये. कारण जुनें झालेलें फूल हिरवें पडतें, आणि मग त्याचा मूळचा रंग ओळखतां येत नाहीं.

रोप पाहतांना फूल वर उचलून आंत डोकावण्याचा मोह सर्वांनाच होतो. तें अवश्य पाहावें. कुणाच्या गाभ्यांत तांबडे ठिपके असतात, कुणाच्या कुप्या सोनेरी असतात. परंतु हें फूल स्वभावतः मान खालीं घालून उमलतें, म्हणजे आपल्या परागांचें पावसापासून रक्षण होतें. तेव्हां खिडकींतून दिसणार ती फुलाची पाठ. पाठ हिरवट असेल, तर दहा पावलांवरून सारें फूल हिरवेंच वाटतें. पाठीमागूनही जें पिवळें, तेंच आपल्या कामाचें. गर्द जांभळीं हेलेबोरें जवळून फार देखणीं दिसतात, पण काळ्या मातीवर तीं हरवून जातात. फिकट पिवळा रंग मात्र सांजवेळींही उठून दिसतो. एकेरी घ्यावें कीं दुहेरी, हा आवडीचा प्रश्न आहे. दुहेरी फुलांत मधाच्या कुप्यांच्या जागीं बहुधा पाकळ्याच वाढलेल्या असतात. तेव्हां थंडींत बाहेर पडणाऱ्या मधमाशांची ज्याला काळजी असेल, त्यानें एकेरी फूल पसंत करावें.

लावण्यासाठीं पानगळीच्या झाडाखालची जागा उत्तम. हिवाळ्यांत तेथें ऊन पोंचतें आणि उन्हाळ्यांत सांवली मिळते. जमीन ओल धरणारी पण पाणी न तुंबणारी असावी. कुजलेल्या पानांचें खत भरपूर घालावें. उतार किंवा उंच वाफा असल्यास फुलांचे चेहरे आपोआप नजरेस पडतात. भोंवतीं पांढरे स्नोड्रॉप लावले, तर पिवळा रंग अधिक खुलतो. कडाक्याच्या हिमांत पहाटे झाड जमिनीवर लोळलेलें आढळेल, घाबरूं नये. हिम वितळलें कीं तें पुन्हां मान वर करतें.

कळ्या वर येण्यापूर्वीं, म्हणजे डिसेंबर-जानेवारींत, जुनीं पानें बुडापासून कापून टाकावीं. त्यानें फुलें मोकळीं दिसतात आणि पानांवरचा काळ्या डागांचा बुरशीरोग नव्या कोंबांवर चढत नाहीं. पानांच्या शिरांवर आणि देंठांवर काळ्या रेषा उमटून झाड खुरटूं लागलें, तर मात्र तो विषाणूचा रोग समजावा. मावा त्याचा फैलाव करतो आणि त्यावर उपाय नाहीं. झाड उपटून नष्ट करावें. विकत घेतांनाही अशा रेषांचें रोप, फूल कितीही सुंदर असलें तरी, घरीं आणूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हें झाड आमूलाग्र विषारी आहे. त्यांतील द्रव्यें हृदयाच्या क्रियेवर परिणाम करतात आणि ताज्या रसानें कातडीची आग होते. इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या आरंभीं ग्रीकांनीं किर्‍हा नगरास वेढा घातला, तेव्हां हेलेबोरचीं मुळें पाण्यांत टाकून नगररक्षकांना दुबळें केलें, अशी कथा पॉसेनियस या प्राचीन लेखकानें नोंदविली आहे. विषामुळेंच ससे आणि हरणें याच्या वाटेला सहसा जात नाहींत, हा बागेचा फायदा. परंतु घरांत रांगतें मूल किंवा कुत्रें असेल, तर तें पोंचणार नाहीं अशाच जागीं हें लावावें. पानें कापतांना आणि बिया काढतांना हातमोजे घालावे. पोटांत गेल्याचा संशय येतांच घरगुती उपाय करीत न बसतां डॉक्टरांस बोलवावें.

याच संदर्भांत एक इशारा देणें अगत्याचें आहे. हिमालयांतून येणाऱ्या आपल्या कुटकीस कांहीं जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘ब्लॅक हेलेबोर’ म्हटलेलें आढळतें. हीं दोन्ही झाडें अगदीं निराळ्या कुळांतलीं आहेत. नांवाच्या या साम्यावरून परदेशीं बागेंतल्या हेलेबोरचें मूळ कोणी कुटकी समजून उगाळूं लागेल, तर तें जिवावर बेतेल.

पुण्या-मुंबईच्या बागेंत हें झाड लावूं पाहणाऱ्यांची मात्र मला निराशा करावी लागेल. त्याला लांब, थंड हिवाळा हवा. आपला एप्रिल-मे त्याला सोसणार नाहीं. आपल्याला शेवंती आहे, तिच्यांत उणें कांहींच नाहीं. पण ज्यांचीं मुलेंबाळें त्या थंड देशांत घर करून राहिलीं आहेत, त्यांनीं ही माहिती अवश्य कळवावी. एकदां रुजलेलें हेलेबोर वीस-वीस वर्षें एका जागीं सुखानें नांदतें आणि दरसाल पहिल्यापेक्षां अधिक फुलें देतें. आवडलेल्या रंगाचें झाड वाढविणें झाल्यास पावसाळी शरदांत त्याचा गड्डा विभागून शेजाऱ्यालाही देतां येतो. बियांप्रमाणें त्यांत रंगाची फसगत होत नाहीं. परक्या मुलखांत ओळख वाढवायला याहून चांगलें निमित्त कोणतें?