ऑनलाइन शिक्षण आणि सांस्कृतिक मूल्ये

विद्यार्थी ज्या समाजात वाढतो, त्या समाजातील मूल्यांचा त्याच्या ऑनलाइन शिक्षणाच्या अनुभवावर प्रभाव पडतो. शिक्षकाशी कसे बोलावे, मतभेद कसा मांडावा, चारचौघांत चूक झाल्यास काय वाटावे, याविषयीचे संकेत तो सोबत घेऊन येतो. अभ्यासक्रम रचणाऱ्यांच्या अपेक्षा या संकेतांशी जुळल्या नाहीत, तर विषय समजलेला विद्यार्थीही मागे पडल्यासारखा दिसू शकतो.

सैद्धान्तिक पार्श्वभूमी

या विषयाच्या अभ्यासात डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांच्या संकल्पनांचा आधार घेतला जातो. आयबीएम कंपनीच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणावरून त्यांनी १९८० साली राष्ट्रीय संस्कृतींची तुलना मांडली. १९८६ साली त्यांनी ती अध्यापन आणि अध्ययनाला लागू केली. त्यांच्या मते, जेथे अधिकारातील अंतर सहज स्वीकारले जाते, तेथे बोलण्याची सुरुवात शिक्षकाने करावी अशी अपेक्षा असते. जेथे ते कमी मानले जाते, तेथे विद्यार्थ्याने स्वतःहून प्रश्न विचारणे अपेक्षित असते.

मौनाचा अर्थ

प्रत्यक्ष वर्गात विद्यार्थ्याची मान, नजर आणि वही पाहून शिक्षकाला त्याचे लक्ष कळते. ऑनलाइन चर्चेत मात्र न बोलणारा विद्यार्थी जवळजवळ अदृश्य असतो. शिक्षकांना ‘सर’ किंवा ‘बाई’ म्हणणाऱ्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला सर्वांसमोर त्यांचे म्हणणे खोडणे अनादराचे वाटू शकते. तोच विद्यार्थी तास संपल्यावर नेमकी शंका विचारतो. चर्चेतील सहभागाला गुण असतील, तर अशा वेळी आकलनाऐवजी धिटाई मोजली जाते.

घर आणि वर्ग

मार्च २०२० पासून कोविड-१९ साथीमुळे भारतातील शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग घरात आला. एका खोलीच्या घरात कॅमेरा सुरू ठेवणे म्हणजे कुटुंबाचे खासगी जीवन वर्गासमोर उघडे करणे ठरते. वडीलधाऱ्यांच्या देखत बोलण्याचा संकोच आणि घरकामाची अपेक्षा, विशेषतः मुलींकडून, यांचाही सहभागावर परिणाम होतो.

उपाय

खासगीरीत्या शंका विचारण्याची सोय, लहान गट, उत्तराच्या तयारीसाठी वेळ आणि आधी स्पष्ट केलेले मूल्यमापनाचे निकष यांमुळे ही दरी कमी होऊ शकते.

मर्यादा

हॉफस्टेड यांचे निष्कर्ष देशांच्या सरासरीविषयी आहेत. त्यांवरून एखाद्या विद्यार्थ्याचा स्वभाव ठरवता येत नाही. एकाच देशात वर्ग, जात, लिंग आणि भाषेनुसार अनुभव बदलतात. शिवाय मौनाचे कारण संस्कृतीऐवजी कमकुवत इंटरनेट जोडणी किंवा घरातील एकमेव मोबाइल हेही असू शकते.