थायरॉईड आणि मूत्रपिंड : एका रक्ततपासणीचे मोल

मूत्रपिंडाच्या विकाराचे निदान झाले की रुग्णाच्या कुटुंबीयांचे सारे लक्ष क्रिएटिनिनच्या आकड्यावर केंद्रित होते. तो वाढला की डायलिसिसची धास्ती वाटू लागते, आणि ती स्वाभाविकच आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी सुमारे ४ तास चालणारा हा उपचार सबंध घराचे वेळापत्रक व अर्थकारण बदलून टाकतो. या आकड्यावर गळ्यातील एका लहानशा ग्रंथीचाही प्रभाव पडतो, ही बाब आपणांस ज्ञात व्हावी, म्हणून डॉक्टरांकडून समजून घेतलेली माहिती येथे मांडत आहे.

थायरॉईड ग्रंथीचा स्राव कमी पडला की हृदयाचे कार्य मंदावते, मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त घटते व ते गाळण्याची गती उतरते. परिणामी क्रिएटिनिन वाढते. ही वाढ केवळ थायरॉईडमुळे असल्यास योग्य मात्रेत थायरॉक्सिन दिल्यावर ती बव्हंशी ओसरते. याउलट, ग्रंथी अतिक्रियाशील असल्यास क्रिएटिनिन कमी दिसून मूत्रपिंडाचा विकार झाकला जाण्याची शक्यता असते.

हा संबंध दुहेरी आहे. मूत्रपिंडांची कार्यक्षमता जसजशी घटते, तसतसे रुग्णांत थायरॉईडच्या न्यूनतेचे प्रमाण वाढते. लघवीतून प्रथिने मोठ्या प्रमाणावर जात असल्यास त्यांच्यासमवेत थायरॉईडचे संप्रेरकही वाहून जाते. थकवा, चेहऱ्यावरील सूज, कोरडी त्वचा ही लक्षणे दोन्ही विकारांत आढळत असल्याने थायरॉईडकडे दुर्लक्ष होते. टीएसएच ही साधी रक्ततपासणी हा संभ्रम दूर करण्यास साहाय्य करते. मात्र दीर्घ आजारात केवळ टी-३ कमी आढळणे म्हणजे थायरॉईडचा रोग नव्हे. अहवालाचा अर्थ डॉक्टरांनीच लावावा.

आप्तांनी एक पथ्य अवश्य सांभाळावे. थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी द्यावी. फॉस्फरस नियंत्रणासाठी दिली जाणारी कॅल्शियमची औषधे व लोहाच्या गोळ्या तिचे शोषण रोखतात. त्यांत किमान ४ तासांचे अंतर ठेवावे.

थायरॉईडच्या उपचाराने कायमचे निकामी झालेले मूत्रपिंड पूर्ववत होते, असा गैरसमज नसावा. तथापि, जे सुधारण्याजोगे आहे ते वेळीच ओळखले जाणे महत्त्वाचे आहे. डायलिसिस यंत्रासाठी दिलेल्या देणगीचे फलित डोळ्यांना दिसते. गरजू रुग्णाच्या रक्ततपासणीसाठी दिलेल्या रकमेचे तसे दिसत नाही. तिचे मोल मात्र त्या कुटुंबाच्या दृष्टीने तितकेच मोठे असू शकते.