हृदयाच्या झडपांचे विकार : धाप म्हणजे केवळ अशक्तपणा नव्हे

रविवारच्या मिस्सेसाठी चर्चच्या पायऱ्या चढताना एखादी तरुण भगिनी मध्येच थांबते, दम घेते आणि ‘जरा अशक्तपणा आहे’ असे म्हणून पुढे जाते. आपणही त्यावर समाधान मानतो. परंतु विशी-तिशीतील अशी धाप हृदयाच्या झडपेच्या विकारामुळेही लागू शकते, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

परमेश्वराने आपल्या हृदयात चार झडपा योजिल्या आहेत. दिवसातून सुमारे १ लाख वेळा उघडझाप करून त्या रक्ताला एकाच दिशेने वाहू देतात. झडप आकसली तर रक्ताची वाट अरुंद होते. ती नीट मिटली नाही तर रक्त मागे गळते. हृदय हा ताण वर्षानुवर्षे सोसते, म्हणूनच रोग दीर्घकाळ लपून राहतो.

आपल्या देशात तरुणांमधील या विकाराचे प्रमुख कारण म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. तो बहुधा ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा दुखतो आणि दोन ते चार आठवड्यांनी ताप येऊन गुडघे, घोटे, कोपरे एकामागून एक सुजतात. सांधे बरे होतात. परंतु जंतूंशी लढणारी शरीराची प्रतिकारशक्ती झडपांनाही इजा करून बसते. म्हणून ताप व घसादुखी असलेल्या मुलाला डॉक्टरांना दाखवावे आणि दिलेली औषधे पूर्ण घ्यावीत. हा ताप येऊन गेलेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे द्यावे लागते. मूल खेळू-बागडू लागले की पालक ते बंद करतात, आणि तेथेच घात होतो. तापाच्या प्रत्येक नव्या हल्ल्याने झडप अधिक बिघडते.

उतारवयात झडपेवर कॅल्शियम साचून ती ताठर होते. अशा वेळी श्रम करताना छातीत दुखणे, भोवळ येणे वा शुद्ध हरपणे ही धोक्याची चिन्हे होत. इतर लक्षणे अशी : चालताना धाप, छातीत धडधड, पायांवर सूज, रात्री गुदमरून जाग येणे, उशाला दोन-तीन उश्या घ्याव्या लागणे, खोकल्यातून रक्त पडणे.

१८१६ साली पॅरिसमध्ये रेने लॅनेक या श्रद्धावान कॅथलिक डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. आजही झडपेतील बिघाडाचा पहिला सुगावा बहुधा त्यातूनच लागतो. ‘मर्मर’ नावाचा जादा आवाज आढळल्यास घाबरू नये, कारण अनेक निरोगी मुलांतही तो असतो. मात्र डॉक्टरांनी सांगितल्यास इको तपासणी टाळू नये.

आकसलेली झडप अनेकदा फुग्याच्या साहाय्याने रुंद करता येते, अन्यथा शस्त्रक्रिया करून ती दुरुस्त करतात किंवा बदलतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली भारतीय कृत्रिम झडप १९९० साली प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. यांत्रिक झडप बसविल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि रक्ताची नियमित तपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते. झडपेचा विकार असलेल्या भगिनींनी गर्भधारणेपूर्वीच हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, कारण त्या काळात हृदयावरील भार बराच वाढतो.

शरीर ही देवाने आपल्या स्वाधीन केलेली ठेव आहे. घरातील कोणाला धाप लागत असेल, तर प्रार्थनेबरोबरच त्याचा हात धरून त्याला दवाखान्यात नेणे, हीसुद्धा प्रीतीची सेवाच आहे, असे आम्ही मानतो.